मोठं पॅनल जोडूनही रात्री बॅटरी उतरते: वेगवेगळी सोलर पॅनल एकत्र लावताना होणारी चूक

गेल्या तीन-चार पावसाळ्यांत हा एकच प्रश्न मला इतक्या घरांतून आला आहे, की आता सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मांडणी सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच. 12 व्होल्टची 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण) एक ट्युब्युलर बॅटरी, छोटा इन्व्हर्टर आणि कौलांवर 100 वॅटची दोन जुनी पॅनल. ती पुरत नाहीत म्हणून कुठून तरी एक मोठं, 335 वॅटचं पॅनल मिळवलं जातं आणि वायरमन ते जुन्याच वायरींत जोडून जातो. हिशेबाने 200 वॅटचे 535 होतात. तरी रात्री साडेनऊच्या सुमारास इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागतो. मग खापर फुटतं बॅटरीवर. नवी बॅटरी येते, दोन-तीन महिने बरे जातात, आणि आषाढ लागला की पुन्हा तेच.

ट्युब्युलर बॅटरी म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. तो करण्याआधी पॅनल उलटं करून त्याच्या मागचं लेबल वाचा. दहातल्या सात-आठ घरांत दोष तिथेच सापडतो, हा माझा अनुभव आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो, कारण तिथे मी प्रत्येक टप्प्याला आकडे लिहून ठेवले होते. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा माड आणि फणस तारांवर आडवे झाले आणि आमच्या वाड्यावर कित्येक रात्री काळोख होता. त्यानंतर मी 100 वॅटची दोन पॅनल घेतली. दोन्ही 36 सेलची, म्हणजे दुकानदार ज्याला '12 व्होल्टचं पॅनल' म्हणतात ती. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर साधा, पीडब्ल्यूएम जातीचा, 20 अँपिअरचा. चार दिवे, दोन पंखे, राऊटर आणि मोबाईल, एवढं उन्हाळ्यात निभत होतं. पावसाळ्यात नाही. पुढे फोंड्याच्या भाच्याने स्वतःच्या घरावरची पॅनल बदलली तेव्हा म्हणाला, "मामा, 335 चं एक पडून आहे, घेऊन जा. तुझा प्रश्नच मिटेल."

घेऊन आलो, जुन्या दोघांच्या जोडीला पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, असं लावलं. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन होतं. भर दुपारी कंट्रोलरवर आधी 10 अँपिअर दिसायचे, आता 17 दिसले. वॅटच्या हिशेबाने 26 च्या आसपास दिसायला हवे होते. आणखी एक गोष्ट हातालाच कळली. बॅटरी भरली की, म्हणजे साधारण एकच्या पुढे, लहान पॅनल नेहमीपेक्षा फार तापायची. शिडीवरून पाठीमागे हात लावला तर मोठं पॅनल सोसवत होतं, लहानांवर हात ठेववत नव्हता.

आता लेबलाकडे येऊ. वॅटचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण जोडणी ठरवताना तो जवळजवळ बिनकामाचा. त्याखालचे चार आकडे बघायचे. व्हीओसी म्हणजे काहीच जोडलेलं नसताना पॅनलचे व्होल्ट. व्हीएमपी म्हणजे पॅनल सर्वांत जास्त काम करतं तेव्हाचे व्होल्ट. आयएससी म्हणजे दोन टोकं शॉर्ट केल्यावर मिळणारे अँपिअर, आणि आयएमपी म्हणजे काम करतानाचे अँपिअर. माझ्या लहान पॅनलवर हे आकडे अनुक्रमे 22, 18, 6 आणि 5.6 आहेत. मोठं 72 सेलचं, त्याचे 45.5, 37.6, 9.4 आणि 8.9.

कुळागरातला पाट डोळ्यांसमोर आणा. पाट जिथे सर्वांत अरुंद, तेवढंच पाणी पुढे जातं, वरून कितीही सोडा. सिरीजचं, म्हणजे एकाचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडण्याचं, तसंच आहे: व्होल्टची बेरीज होते, पण अँपिअर सर्वांत कमी असलेल्या पॅनलइतकेच मिळतात. म्हणून सिरीज करायची असेल तर आयएमपी जुळायला हवा. पॅरललमध्ये उलट. तिथे अँपिअरची बेरीज होते आणि व्होल्ट सगळ्यांचे एकच राहतात, म्हणून व्हीएमपी जुळायला हवा. वॅट जुळले नाहीत तरी काही बिघडत नाही. 5-10 टक्क्यांचा फरक सोडून द्यावा, त्याने फारसं नुकसान होत नाही. पण 18 आणि 37.6 हा दुपटीचा फरक आहे.

माझ्याकडे नेमकं तेच झालं होतं. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनल जवळजवळ थेट बॅटरीला जोडून देतो. बॅटरी 13 व्होल्टवर असली की पॅनललाही 13 वरच यावं लागतं. मोठं पॅनल 8.9 अँपिअर देणार, ते गुणिले 13 म्हणजे 116 वॅट. उरलेले दोनशेहून जास्त वॅट तयारच होत नाहीत. आणि बॅटरी भरून कंट्रोलरने वाट बंद केली, की 45 व्होल्टकडे जाऊ पाहणारं मोठं पॅनल आपला करंट 22 व्होल्टच्या लहान पॅनलांत ढकलतं. ती तापतात ती त्यामुळे. अशी जोडणी तुमच्याकडे असेल तर ती आजच सोडवा. कमी वीज मिळते हे एक, आणि चांगली पॅनल रोज भाजून निघतात हे त्याहून वाईट.

पुढची चूक मी केली आणि अजून पुष्कळ जण करतात. एमपीपीटी कंट्रोलर आणला की सगळं आपोआप जुळेल असं समजून 40 अँपिअरचा घेतला आणि जोडणी तशीच ठेवली. आकडा 17 वरून 21 वर गेला, बस्स. एमपीपीटी जास्त व्होल्ट उतरवून त्यांचे अँपिअर करतो, हे खरं. पण तिन्ही पॅनल एकाच दोरीला बांधलेली असताना तो 37 व्होल्टवर जाऊच शकत नाही, कारण तिथे लहान पॅनल देण्याऐवजी ओढायला लागतात. मग तो 18 च्या आसपास थांबतो. कंट्रोलर चांगला होता, जोडणी चुकीची होती.

उपाय सापडला तो लेबलांचे आकडे वहीत एकाखाली एक लिहिल्यावर. दोन लहान पॅनल एकमेकांशी सिरीजमध्ये केली की 18 अधिक 18, म्हणजे 36 व्होल्ट आणि 5.6 अँपिअर होतात. मोठं 37.6 व्होल्टचं. 36 आणि 37.6 पॅरललमध्ये सुखाने नांदतात. एका लहान पॅनलचा प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडला, उरलेली दोन टोकं वाय कनेक्टरच्या (दोन वायरी एकीत मिळवणारा जोड) जोडीने मोठ्या पॅनलच्या प्लस-मायनसला मिळवली. तशाच उन्हात 27 अँपिअर. पॅनल तीच, कंट्रोलर तोच, खर्च फक्त वाय कनेक्टरचा.

यात वायरीचाही फायदा झाला, तो मी आधी धरला नव्हता. माझ्या कौलांपासून कंट्रोलरपर्यंत 15 मीटर अंतर आहे, जाऊन-येऊन 30 मीटर वायर. 4 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत 20 अँपिअर वाहिले की वाटेतच 3 व्होल्ट जातात. 36 सेलचं पॅनल उन्हात 60 अंशांपर्यंत तापलं की त्याचे 18 व्होल्ट साडेपंधरावर येतात. त्यातले 3 गेले, उरले साडेबारा. अशा पॅनलने बॅटरी 14.4 व्होल्टपर्यंत कशी न्यायची? ती रोज अर्धवटच भरते, प्लेटांवर सल्फेटचा थर बसत जातो, आणि दीड-दोन वर्षांत लोक म्हणतात बॅटरी खराब निघाली. लांब वायर आणि 12 व्होल्टची पॅनल ही जोडी कडक उन्हाच्या दुपारीच जास्त दगा देते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तेच वॅट दुप्पट व्होल्टने आणले की अँपिअर निम्मे होतात आणि वायरीत वाया जाणारी वीज एक चतुर्थांशावर येते.

दोन गोष्टी जोडण्याआधीच तपासा. कंट्रोलरवर पॅनलचे जास्तीत जास्त किती व्होल्ट चालतील ते लिहिलेलं असतं. माझा 100 व्होल्टचा आहे. 50 व्होल्टवाला स्वस्त मिळतो, पण 45.5 व्हीओसीच्या पॅनलसाठी तो काठावर येतो, घेऊ नका. पॅनल थंड असताना व्होल्ट वाढतात. हिमालयात हा हिशेब कडक करावा लागतो, आपल्याकडे लेबलावरच्या व्हीओसीत 10 टक्के मिळवले तरी पुष्कळ झालं. दुसरं म्हणजे बॅटरीला किती करंट झेपतो. 150 एएचच्या ट्युब्युलरला 15 ते 25 अँपिअर बरे. कंट्रोलरमध्ये चार्जिंगची मर्यादा घालता येते, मी 25 ठेवली आहे. एप्रिलच्या दुपारी त्यामुळे थोडी वीज वाया जाते, जाऊ दे. ही जादा पॅनल ढगाळ दिवसांसाठी आहेत. दाट ढगांत पॅनल आपल्या वॅटच्या दहा-वीस टक्केच देतं. 200 वॅटचे तेव्हा वीस ते चाळीस मिळतात, 535 चे पन्नास ते शंभर. श्रावणातल्या एखाद्या रात्री चार दिवे आणि एक पंखा चालणं या फरकावर ठरतं.

या जोडणीची एक बाजू मात्र नाजूक आहे. आधी लहान पॅनल एकमेकांना पॅरलल असताना एकावर सावली आली तर दुसरं चालू राहायचं. आता ती सिरीजमध्ये आहेत. एकावर माडाची एक झावळी आडवी सावली टाकू लागली की त्या जोडीचे व्होल्ट खाली येतात, 36 ला पोचत नाहीत, आणि मोठ्या पॅनलपुढे ती जोडी गप्प बसते. माझ्याकडे तीननंतर असंच व्हायचं. डाव्या पॅनलवर पंज्याएवढी सावली, आणि आकडा झपकन पाच-सहा अँपिअरने खाली. मी लहान पॅनल उजवीकडे सरकवली आणि मोठं डावीकडे आणलं. सिरीजमधली पॅनल सर्वांत उघड्या जागेवर ठेवा, आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला, एकाच उताराला असू द्या. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असेल तर सिरीज करूच नका.

उताराचं सांगायचं तर गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे, म्हणून 15 अंश दक्षिणेला, हे ठरलेलं उत्तर मिळतं. पण मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. पावसाळ्यासाठीच बॅकअप हवा असेल तर 10 अंशांचा उतार उत्तम. त्याहून सपाट ठेवू नका, पाण्याबरोबर माती उतरत नाही.

शेजारच्या घरी 165 वॅटचं 36 सेलचं एक आणि 335 चं एक होतं. त्यांच्याही वायरमनने पॅरलल केलं होतं. लेबलं पाहिली: 165 चा आयएमपी 9.1, 335 चा 8.9. व्होल्ट 18 आणि 37.6, पण अँपिअर जवळजवळ तेच. अशा वेळी सिरीज करायची. 55 व्होल्ट, 8.9 अँपिअर, म्हणजे 490 वॅट. पॅरललमध्ये त्यांच्याकडून सव्वातीनशेच्या पुढे निघत नव्हते. एक लहान आणि एक मोठं दिसलं म्हणून सिरीज करायची नाही असं पाठ करून ठेवू नका. यासाठी मात्र एमपीपीटीच हवा, आणि व्हीओसीची बेरीज 67 पेलणारा हवा.

540 चं नवीन मोनो पॅनल आणि जुनं 335 असेल तर पॅरलल करा. नव्याचे 13 अँपिअर सिरीजमध्ये 9 वर अडतील. व्होल्ट साधारण 41 आणि 37.6 असतात, तेवढं चालून जातं.

आणि लेबलं कशीच जुळत नसतील, म्हणजे 100 चं एकच आणि 335 चं एक असं असेल, तर ओढूनताणून एकत्र बांधू नका. लहान पॅनलला त्याचा जुना पीडब्ल्यूएम राहू द्या, मोठ्याला वेगळा एमपीपीटी द्या, आणि दोन्ही कंट्रोलरांची बॅटरीकडची टोकं एकाच बॅटरीला न्या. दोघांत चार्जिंगचे व्होल्ट सारखे ठेवा, म्हणजे झालं. प्रत्येकाच्या वायरीला बॅटरीजवळ वेगळा फ्यूज घाला. मला विचाराल तर ही सर्वांत निर्धोक वाट आहे. जुना कंट्रोलर घरात पडूनच असतो.

आता जोडणी बरोबर आहे आणि तरी आकडा कमी येतो, तेव्हा काय करायचं ते. आधी पॅनलवर जाड चादर किंवा ताडपत्री टाका, मग कनेक्टर सोडवा. करंट वाहत असताना एमसी-4 (पॅनलच्या वायरीचा कनेक्टर) ओढून काढला तर डीसीची ठिणगी लांबते आणि विझत नाही, बोटं भाजतात. कंट्रोलरला आधी बॅटरी, नंतर पॅनल जोडायचं. काढताना आधी पॅनल, नंतर बॅटरी. मग एकेक पॅनल सुटं करून उन्हात व्हीओसी मोजा. तापलेल्या पॅनलचा आकडा लेबलापेक्षा दहाएक टक्के कमीच येतो, त्याने घाबरू नका. पण 45 च्या जागी 27-28 दिसले तर मागच्या डबीतला एक बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वळसा देऊन करंट पुढे नेणारा छोटा भाग) शॉर्ट आहे. 72 सेलच्या पॅनलमध्ये ते तीन असतात, एक गेला की तिसरा हिस्सा व्होल्ट जातात. 36 सेलमध्ये बहुधा दोन, म्हणून तिथे थेट निम्मे होतात. असं एक आजारी पॅनल पॅरललमध्ये असलं तर बाकीच्यांनाही खाली ओढतं. डायोड बदलता येतो, पॅनल फेकू नका.

अँपिअर मोजायला डीसी क्लँप मीटर लागतो. वायरमनकडचा नेहमीचा क्लँप फक्त एसी मोजतो, डीसीच्या वायरीवर तो शून्य दाखवतो. त्या शून्यावर विसंबून चांगलं पॅनल उतरवलेलं मी पाहिलं आहे. एमसीबीही डीसीचाच लावा.

पावसाळ्यात दोष पुन्हा उगवतो तो बहुतेक कनेक्टरांत. गेल्या श्रावणात माझा आकडा असाच घसरला होता. वाय कनेक्टर उघडला तर आतल्या पिनेवर हिरवी बुरशीसारखी पूड, आणि प्लास्टिकची कड एका बाजूने तपकिरी, वितळून मऊ झालेली. पॅनलचा कनेक्टर एका कंपनीचा, वाय दुसऱ्या कंपनीचा. बाहेरून दोन्ही टक्कन बसतात, पण आत पकड सैल राहते, पाणी शिरतं, पीन तापते. वाय आणि पॅनलची टोकं एकाच बनावटीची करून घ्या, आणि जोड कौलांवर पडू न देता पट्टीने वर बांधा, म्हणजे पाणी साचणार नाही. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर होतं. डिचोलीच्या बाजूला खाणीच्या रस्त्यालगत घर असेल तर तांबडी धूळ पॅनलच्या खालच्या कडेला चिखलासारखी थिजते आणि सेलची खालची ओळ झाकते. सिरीजमधल्या पॅनलला तेवढी ओळही पुरते. मे महिन्यात सकाळी पॅनल थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसून घ्या.

आणि लेबलांचे फोटो आजच काढून ठेवा. माझ्या एका लहान पॅनलवरची अक्षरं उन्हापावसाने आताच पुसट झाली आहेत, टॉर्चच्या उजेडात तिरपं धरून वाचावी लागतात. मी प्रत्येक पॅनलचे चारही आकडे, जोडणीचं चित्र आणि ऑक्टोबरच्या स्वच्छ दुपारचा अँपिअरचा आकडा तारखेसह कागदावर लिहून इन्व्हर्टरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. चवथीच्या आधी आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजतो, त्याखाली लिहितो. घरी मी नसलो तरी वायरमन ते वाचूनच कौलांवर चढतो.